चिपच्या कारखान्याला ताण मोजणारेही लागतात

सिलिकॉनच्या स्फटिकावर लेझरचा झोत टाकला की परतणाऱ्या प्रकाशाचा अगदी अल्पसा भाग तरंगलांबी बदलून येतो. हाच रामन परिणाम. ताण नसलेल्या सिलिकॉनची रामन रेषा प्रति सेंटिमीटर ५२०च्या आसपास दिसते. स्फटिक दाबला गेला तर ती वर सरकते, ताणला गेला तर खाली. पृष्ठभागावर सर्व दिशांनी सारखा ताण असेल, तर एका एककाचा फरक म्हणजे ढोबळमानाने २५० मेगापास्कल.

तापल्यावर तांबे सिलिकॉनच्या सहापटीहून अधिक प्रसरण पावते. त्यामुळे चिपमधल्या तांब्याच्या जोडण्यांभोवती ताण साठतो आणि कधी तडाही जातो. मात्र ताण नेहमीच वाईट नसतो. इंटेलने २००३च्या सुमारास ९० नॅनोमीटर चिपमध्ये तो मुद्दाम आणला, कारण योग्य ताणाने ट्रान्झिस्टरमधला विद्युतप्रवाह वाढतो.

मोजणी फसवी असते. झोत तीव्र असेल तर सिलिकॉन तापते, रेषा खाली सरकते आणि नसलेला ताण दिसू लागतो. हिरवा लेझर सुमारे एक मायक्रोमीटर खोलवरची माहिती देतो, ३२५ नॅनोमीटरचा अतिनील लेझर जेमतेम दहा नॅनोमीटरची. कोणता प्रकाश कधी वापरायचा, हे भौतिकशास्त्र पक्के असलेल्यालाच कळते.

दर प्रवेशाच्या हंगामात पालकांचा प्रश्न एकच असतो: कॉम्प्युटर शाखा मिळाली नाही, आता काय? ‘सेमीकंडक्टर’ म्हटले तरी डोळ्यांपुढे फक्त चिपची रचना येते. ही समजूत चुकीची आहे. कारखान्यात प्रक्रिया तपासणारे लागतात, तसेच मोजमापाची उपकरणे घडवणारेही.

वाटा ठाऊक असलेल्याच आहेत: बीएस्सी भौतिकशास्त्र, मग ‘जॅम’ या प्रवेश परीक्षेतून एमएस्सी, पुण्याच्या आयसरसारख्या संस्था, किंवा पदार्थविज्ञान अभियांत्रिकी. संशोधनासाठी पीएचडी लागते आणि त्यात वर्षे जातात. पहिल्या पगाराची घाई असलेल्या घराने या वाटेला जाऊ नये. पण प्रयोगात रमणाऱ्या मुलाला शेजाऱ्यांच्या धाकाने कोडिंगच्या वर्गात बसवणे हा सरळ अन्याय आहे. त्याची किंमत मूल मोजते, शेजारी नव्हे.

महाविद्यालय निवडताना निकालाच्या टक्केवारीआधी प्रयोगशाळा पाहावी. रामन वर्णपटमापक आहे का, आणि विद्यार्थ्यांना तो स्वतः हाताळू देतात का, हे तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाच विचारावे.