दादाला जेवू घाल, सई



काल रात्री वहिनींचा फोन आला, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. सोलला उतरल्यापासून दादा केळी आणि बिस्किटांवर आहे म्हणे, आणि 'एवढे पैसे खर्चून आणलं ते याचसाठी का' म्हणून तू त्याच्यावर सगळ्यांदेखत ओरडलीस. आता पुढचा प्रवास रद्द करून इथेवॉनच्या भारतीय हॉटेलांजवळ मुक्काम हलवणार आहेस. सई, असं करू नकोस.

तुझा बाप भूक लागली असं जन्मात सांगणार नाही. आप्पा गेल्यावर घरात ओढाताण होती, तेव्हापासून 'माझं झालंय' म्हणून पानावरून उठायची त्याची सवय. त्याला विचारायचं नसतं, समोर वाढायचं असतं. हे तुला मी सांगायला हवं? ज्या देशात मोठ्यांनी चमचा उचलल्याशिवाय धाकटे घास घेत नाहीत, तिथे नोकरी करतेस आणि बापावर आवाज चढवतेस, हे मला मुळीच आवडलेलं नाही.

त्याच्यासारख्या शाकाहारी माणसाची तिथे अडचण खरी आहे, मला ठाऊक आहे. तुझे काका उल्सानच्या कारखान्यात होते तेव्हा मी रोज हेच निस्तरत होते. 'मांस नको' म्हटलं तरी रश्शाला सुक्या मासळीचं पाणी असतं, किमचीत मासळीचा खार असतो. जॉन्जूचा बिबिमबाप एवढा नावाजलेला, पण तिथे भातच पुष्कळदा गोमांसाच्या रश्शात शिजवतात. म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणीकडून हंगुलमध्ये चिठ्ठी लिहून घे: मांस, मासे, मासळीचा रस, अंडं, काही नको. ती दादाच्या खिशात नको, तुझ्या पर्समध्ये ठेव. तो काढून दाखवणार नाही.

आणि कांगनुंगला जा. सोलहून गाडीने दोनेक तास. तिथल्या छोदांग गावात सोयाबीनचं दूध पूर्व समुद्राच्या पाण्याने विरजवून टोफू करतात. पांढरा, लुसलुशीत सुंदुबू वाडग्यात वाफाळत समोर येतो, शेजारी सोया सॉसची वाटी आणि भात. लाल रश्शातला घेऊ नकोस, साधाच माग. दादा तो मऊ भातासारखा खाईल बघ. तिथून सोराक्सान डोंगर जवळ आहे. केबल कारने वर जा, त्याच्या गुडघ्यांना चढ झेपणार नाही.

मग दक्षिणेला पेक्यांगसा मठ. मागे पांढराशुभ्र कडा, पुढे तळं, काठावर दुमजली मंडप, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला लालभडक मेपल. जोंग क्वान या भिक्षुणी तिथल्याच, ज्यांचा स्वयंपाक बघायला जगभरातले आचारी येतात. मठातल्या जेवणात कांदा-लसूण वर्ज्य. वर्ज्य पाच जिनसांत हिंगसुद्धा धरतात, हे ऐकून दादा चकित होईल. मठात राहायचं तर आधी नाव नोंदवावं लागतं, आजच बघ. नाही जमलं तर डोंगरातल्या देवळांच्या वाटेवरच्या खानावळींत सानछे बिबिमबाप मिळतो: भातावर कोसारी म्हणजे नेच्याचे कोंब, दोराजीची मुळं, आणखी चार-पाच पाले. अंडं काढायला सांग. आई श्रावणात रानातून टाकळा, कुड्याच्या शेंगा आणायची, तेव्हा दादा एकटा तीन वेळा भाजी घ्यायचा. त्याला भूक नसते, हे खरं नाही गं.

मला आईला ते डोंगर दाखवायचे होते. पुढच्या शरदात बोलावू, काकांची पाळी बदलू दे, तिकीट जरा उतरू दे, असं करता करता तो शरद आला तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती. दादाने तेव्हा एका शब्दाने मला बोल लावला नाही. म्हणून जीव तुटतो. तो आता येऊ शकतोय, चालू शकतोय, तोवर त्याला सोलच्या एका खोलीत पराठे घालू नकोस.

फार बोलले का? तू सुट्टी साठवून, स्वतःच्या पगारातून आईबापांना नेलंस, आमच्या घरात हे आजवर कुणी केलं नव्हतं. दादा मला निघायच्या आदल्या दिवशी फोनवर दोनदा म्हणाला, 'सईने नेलंय.' तुला त्याने सांगितलं नसणार.

वहिनी म्हणाल्या, त्या रात्री तूही न जेवता झोपलीस. बापाचीच लेक. आज संध्याकाळी दोघं बसून काहीतरी गरम खा, आणि काय खाल्लंत ते मला कळव. कितीही उशीर झाला तरी फोन कर.

तुझी,
आत्या