धारोष्ण दुधाचा ताप

संध्याकाळ झाली की अंगात कणकण, रात्री घामाने गंजीफ्रॉक चिंब, आणि सकाळी उठून फिरायला जाण्याइतकं बरं. माझ्या थोरल्या दिरांचं असं बरेच आठवडे चाललं होतं. विडाल तपासणीवरून आधी टायफॉइडची औषधं झाली. ताप गेला आणि परत आला. मग कंबर धरली, वजन उतरलं, एमआरआयमध्ये मणक्याला सूज दिसली आणि घरात क्षयाची बोलणी सुरू झाली. नव्या डॉक्टरीणबाईंनी फाइल चाळून बाजूला ठेवली आणि विचारलं, "काका, दूध कुठलं घेता? तापवून की तसंच?"

"तसंच. धारोष्ण! देशी गाईचं, काचेच्या बाटलीतून येतं. तापवून त्यातलं सत्त्व कशाला घालवायचं?"

रक्ताच्या तपासणीत ब्रुसेलोसिस निघाला. या दुखण्यात डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिनसारखी दोन प्रतिजैविकं एकत्र द्यावी लागतात. साधं असेल तर ६ आठवडे, मणक्यापर्यंत गेलं असेल तर ३ महिने तरी. दिरांनी औषधं पूर्ण केली, ते बरे झाले. पण कंबर अजून दुखते.

या आजाराचा जंतू, ब्रुसेला, गाई-म्हशी-शेळ्यांमधून माणसात येतो. भरत आलेल्या दिवसांत गाईने गाभ टाकला, तर गोठेवाल्याच्या मनात पहिली शंका याचीच यायला हवी. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातांनी काढणाऱ्या गड्यालाही तो लागतो, आणि त्या गड्याच्या तापाची चौकशी कोणी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पण बाधित जनावर आजारी दिसेलच असं नाही. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक अशाच उतरत्या-चढत्या तापाने बेजार व्हायचे. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये जंतू शोधला, तरी तो येतो कुठून हे कळायला १९०५ साल उजाडलं. थेमिस्टोक्लिस झामित यांना तो तिथल्या धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये सापडला. सैन्याने शेळीचं कच्चं दूध बंद केलं आणि सैनिकांमधला ताप झपाट्याने ओसरला.

म्हणून "गाय आमच्या डोळ्यांदेखत पिळतात, गोठा लख्ख आहे" या भरवशावर मुलांना कच्चं दूध पाजू नये. गोठा लख्ख असला तरी जंतू कासेतूनच येतो. "गीर आहे का, ए-टू आहे का" हा प्रश्नही इथे कामाचा नाही. ए-टू हा दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार आहे. आपल्या देशी गाईंमध्ये आणि म्हशींमध्ये बहुतेक तोच असतो, आणि त्याचा जंतूंशी काडीचा संबंध नाही. गोठेवाल्याला विचारायचंच असेल तर हे विचारा: जनावरांची ब्रुसेलाची आणि क्षयाची तपासणी शेवटची कधी झाली? कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस टोचली का? कोणी गाभडलं का, आणि त्या जनावराचं पुढे काय केलं? चांगला गोठेवाला या प्रश्नांनी रागावत नाही, तो कागद दाखवतो.

आणि एवढं करूनही दूध उकळाच. पाश्चरीकरणात दूध ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर अर्धा तास ठेवतात, तेवढ्याने हे जंतू मरतात. घरी ढवळत ढवळत नीट उकळी आणली, आच मंद करून दोन-चार मिनिटं ठेवलं आणि पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववलं, की काम झालं. तापवल्याने क जीवनसत्त्व आणि ब गटातलं थोडंफार कमी होतं, पण दूध आपण क जीवनसत्त्वासाठी पीत नाही. कॅल्शियम आणि प्रथिनं कुठेही जात नाहीत. कच्च्या दुधाने पोट बिघडत नाही असं सांगतात, तेही खरं नाही, कारण लॅक्टोज त्यातही तेवढंच असतं. नुसतं विरजण लावल्याने जंतू मरतील असंही धरू नये. सत्यनारायणाच्या पंचामृतात न तापवलेलं दूध घालण्याची अनेक घरांत पद्धत आहे. तिथे गोठ्यातलं दूध असेल तर आधी उकळून गार करून घ्या. गरोदर बाई आणि लहान मुलं घरात असताना तर नक्कीच.

पिशवीच्या दुधाबद्दल लोकांना भेसळीची धास्ती असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने तपासले. त्यात माणसाला अपाय होईल अशी भेसळ फक्त १२ नमुन्यांत निघाली. जास्त काळजीची गोष्ट वेगळीच होती: बुरशी लागलेल्या चाऱ्यातून दुधात उतरणारं अफ्लाटॉक्सिन. ते उकळून जात नाही, आणि गोठ्यातल्या कच्च्या दुधातही असू शकतं. घरी आपल्या हातात एवढंच, की पिशवी सकाळभर दाराच्या कडीला लटकत ठेवायची नाही, आल्याबरोबर फ्रीजमध्ये जायला हवी.

दिरांच्या आजाराने घर हादरलं, ते दुसऱ्या टोकाला गेलं. माझ्या पुतणीने दूधच बंद केलं आणि दोन वर्षांच्या लेकाला बाजारातलं बदामाचं पेय द्यायला लागली. बाटलीवर टपोऱ्या बदामांचं चित्र. मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत १०० मिलिलिटरला प्रथिनं जेमतेम अर्धा ग्रॅम. गाईच्या दुधात ती ३ ग्रॅमच्या वर असतात. मुलाचं वजन वाढेना, तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी ती बाटलीच मागवून घेतली. ओटच्या पेयात प्रथिनं साधारण १ ग्रॅम. सोयाचं तेवढं दुधाच्या जवळ जातं. कॅल्शियम वरून घातलेलं असतं आणि तळाशी बसतं, म्हणून डबा हलवून ओतायचा. साखर घातली आहे का तेही वाचायचं. मोठ्या माणसाला चहा-कॉफीत, किंवा जनावराचं काही खायचं नाही म्हणून ही पेयं हवी असतील तर जरूर घ्यावीत, मी त्यांच्या विरोधात नाही. लहान मुलाचं दूध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्यावर आणू नये. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला आईचं दूध, ते शक्य नसेल तर डॉक्टर सांगतील ते. गाईचं नाही, बदामाचंही नाही.

दुधाने पोट फुगत असेल तर आधी दही-ताक घेऊन बघा, बऱ्याच जणांना ते सोसतं. पण दूध प्यायल्यावर अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, तर ती ॲलर्जी आहे. तिथे ताकही नको, शेळीचं दूधही नको.

आणि ताप असा संध्याकाळी चढून रात्री घामाने उतरत असेल, सांधे-कंबर धरली असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. गेल्या काही महिन्यांत कच्चं दूध, त्याचं लोणी किंवा पनीर पोटात गेलं असेल, गोठ्यात वावर झाला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. आणि सोबत घरातल्या ज्यांनी ज्यांनी ते दूध घेतलं त्यांची नावंही.