जीव भांड्यात पडतो तेव्हा

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादाचे शहर. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या येथील कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे कामासाठी आली आणि येथेच स्थायिक झाली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. नागपूर हे तसे शेजारचेच. दुर्ग जिल्हा 1956 पर्यंत ज्या राज्यात मोडत असे, त्याची राजधानी नागपूरच होती. जुनवानी रस्त्याकडील स्मृति नगर ही भिलाईतील एक निवासी वसाहत. पोलादाच्या या शहरात राहणाऱ्याला भट्टीची उष्णता म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

भट्टीतून बाहेर पडणारे लोखंड 1,500 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले असते. त्यापासून काही अंतरावर काम करणाऱ्या माणसाच्या शरीराचे तापमान मात्र 37 अंशांच्या फारसे पलीकडे जात नाही. त्याच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो, नाडीचा वेग वाढतो. यांपैकी एकही गोष्ट तो ठरवून करत नाही. आपल्या इच्छेची वाट न पाहता शरीराचा हा कारभार चालवणाऱ्या व्यवस्थेला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. उष्णतेला तोंड देणारी हीच व्यवस्था भीतीला आणि रागालाही तोंड देते. भावनांचे नियमन म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर आरंभ येथूनच करावा लागतो.

स्मृति नगरातील एखादी गृहिणी शाळा सुटल्यावर वीस वर्षांनी मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसली आहे, असे समजू. घरचे सारे आवरून, रात्री जागून तिने अभ्यास केलेला आहे. प्रश्नपत्रिका हातात पडते आणि तिच्या घशाला कोरड पडते, हातपाय गार होतात, पोटात गोळा येतो. काल तोंडपाठ असलेले उत्तर काही केल्या आठवत नाही. शेजारच्या बाकावरील मुलगी मात्र खाली मान घालून भराभर लिहीत असते. अशा वेळी ती स्वतःविषयी एक निष्कर्ष काढते: आपल्याला हे जमणारे नाही, आपली बुद्धीच तेवढी नाही. कित्येक प्रौढ विद्यार्थी याच क्षणी शिक्षण दुसऱ्यांदा सोडतात. वास्तविक त्या क्षणी तिच्या बुद्धीची परीक्षा अजून सुरूच झालेली नसते. बोलत असते ते तिचे शरीर.

मराठी भाषेने शरीराचे हे बोलणे फार पूर्वीपासून टिपून ठेवले आहे. ‘तोंडचे पाणी पळणे’ हा वाक्प्रचार घ्या. भयाच्या वेळी लाळग्रंथींतून पाझरणारी पातळ लाळ खरोखरच आटते. ‘हातपाय गार पडणे’ हीही अतिशयोक्ती नव्हे. त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ते रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते. अंगावर काटा येतो तो केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू ताठरल्यामुळे. पोटात गोळा येतो, कारण पचनाचे काम तेवढ्यापुरते थांबवलेले असते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजराच्या जठराची हालचाल पाहत होते. मांजर घाबरले किंवा चिडले, की ती हालचाल बंद पडते, असे त्यांना आढळले. पुढे 1915 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी या साऱ्या बदलांचा अर्थ लावला: प्राणी लढण्याच्या किंवा पळून जाण्याच्या तयारीला लागलेला असतो, आणि ज्या कामांना थोडे थांबता येते ती शरीर बाजूला ठेवते.

ही तयारी करणाऱ्या शाखेला अनुकंपी चेतासंस्था असे नाव आहे. धोक्याची जाणीव होताच मेंदूतून निघालेला संदेश मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचतो, अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात मिसळते आणि हृदयाची धडधड वाढते. विचार पूर्ण होण्याच्या आतच हे घडून जाते. वाघ समोर आला तर ते फारच उपयोगाचे. अडचण एवढीच, की शरीराची ही व्यवस्था वाघ आणि प्रश्नपत्रिका यांत फारसा भेद करत नाही. त्यातच ताणाच्या वेळी वाढणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकामुळे साठवलेली माहिती आठवणे कठीण होते. आठवत नाही म्हणून भीती वाढते, आणि भीतीमुळे आठवणे आणखी अवघड होते.

दुसरी शाखा परानुकंपी. तिची मुख्य चेता मेंदूच्या तळापासून निघून घसा, हृदय, फुप्फुसे, जठर असा लांबचा प्रवास करते. म्हणूनच तिला व्हेगस, म्हणजे लॅटिन भाषेत ‘भटकी’, असे नाव मिळाले. ती हृदयाचा वेग कसा कमी करते, याचा उलगडा ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ओटो लेव्ही यांनी 1921 साली केला. त्यांनी बेडकांची दोन धडधडती हृदये घेतली. पहिल्या हृदयाची व्हेगस चेता उत्तेजित करताच त्याची गती मंदावली. त्या हृदयाभोवतालचा द्रव त्यांनी दुसऱ्या हृदयावर सोडला, तर तेही मंदावले. चेता रसायनाच्या द्वारे बोलते, हे यावरून सिद्ध झाले. हा प्रयोग स्वप्नात सुचल्याचे लेव्ही सांगत असत. 1936 साली त्यांना हेन्री डेल यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे. चेतांचा सारा प्रभाव काढून घेतला, तर निरोगी तरुणाचे हृदय मिनिटाला सुमारे 100 ठोके देते. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी मात्र 70 च्या आसपास असते. याचा अर्थ असा, की स्वस्थतेच्या वेळी व्हेगसचा ब्रेक सतत लावलेला असतो. शांत असणे ही काही रिकामी किंवा आळसाची अवस्था नव्हे. ते शरीराचे चालू असलेले काम आहे. संकट टळले की आपण ‘जीव भांड्यात पडला’ म्हणतो. सैल झालेला तो ब्रेक पुन्हा लागल्याचीच ती खूण होय.

मग हा ब्रेक हवा तेव्हा लावता येईल काय? ‘घाबरू नकोस’, ‘शांत हो’ असे सांगून तो लागत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे. जठराला किंवा हृदयाला हुकूम देता येत नाही. परंतु स्वायत्त कारभारातील एक काम असे आहे, जे आपोआपही चालते आणि इच्छेनेही चालवता येते. ते म्हणजे श्वसन. झोपेत श्वास आपला आपण चालतो. गाताना, बोलताना, पाण्यात बुडी मारताना तोच आपल्या हाती येतो.

प्राणायामाच्या परंपरेला ही वाट जुनीच माहीत होती. तिला प्रयोगशाळेत आणण्याच्या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. अमळनेर येथे शिक्षणकार्य केलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. आसने आणि प्राणायाम यांचे परिणाम क्ष-किरण व दाबमापक यंत्रे वापरून नोंदवायचे आणि त्या नोंदी ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात प्रसिद्ध करायच्या, असा त्यांचा क्रम होता. चमत्काराच्या कथांपेक्षा मोजमापावर भर देण्याची ही दृष्टी त्या काळी सोपी नव्हती.

चमत्काराचा प्रश्न पुढे आणखी स्पष्टपणे विचारला गेला. योगी आपले हृदय थांबवू शकतात, अशी ख्याती होती. 1957 साली वेंगर आणि बागची हे अमेरिकेतील दोन संशोधक यंत्रे घेऊन भारतात आले आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद यांच्यासह त्यांनी ही गोष्ट तपासली. चार साधकांवरील त्यांची निरीक्षणे 1961 साली प्रसिद्ध झाली. श्वास रोखून आणि छाती-पोटाचे स्नायू आवळून तिघांनी मनगटावरील नाडी नाहीशी केली खरी; परंतु हृदयाचा विद्युत्-आलेख सांगत होता, की ठोके चालूच आहेत. चौथ्या साधकाने मात्र हृदयाची गती खरोखरच पुष्कळ कमी करून दाखवली. तीही इच्छेने हलवता येणाऱ्या स्नायूंच्याच मार्गाने, असा संशोधकांचा तर्क होता. हृदयावर थेट सत्ता कोणाचीच नव्हती; आडवाटेने मात्र तिथवर पोहोचता येत होते. ही आडवाट सामान्य माणसालाही खुली आहे, हे या प्रयोगाचे खरे मोल म्हणावे लागेल.

तिची प्रचीती घेण्यासाठी मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे ठेवून स्वतःची नाडी पाहावी. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळजवळ येतात आणि बाहेर सोडताना लांबतात. तरुणांत हे अधिक स्पष्ट जाणवते. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगसचा ब्रेक जास्त लागतो. म्हणून मनात चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सावकाश सोडावा. असे केल्यास मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. एरवी प्रौढ माणसाचे ते बारा ते वीस असतात. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि बौद्ध मंत्र या दोहोंच्या पठणाने श्वासाची हीच लय साधते, असे दिसून आले. परीक्षेच्या खोलीत कोणाच्या नकळत दोन-तीन मिनिटे असे करता येते. त्यासाठी श्वास कोंडून धरण्याची गरज नाही. चक्कर आल्यास थांबावे, आणि दमा किंवा हृदयविकार असणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे. ही सवय संकटाच्या दिवशी प्रथमच करून पाहण्यापेक्षा रोज थोडी केलेली बरी.

रागाच्या बाबतीत आणखी एक साधन आहे, आणि ते भाषेच्या अभ्यासकाला विशेष जवळचे वाटावे. ते म्हणजे नेमका शब्द. मनातील भावनेला नाव दिले असता मेंदूतील अमिग्डाला या भयाशी निगडित भागाची सक्रियता कमी होते, असे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 2007 साली दाखवले. मराठीत राग, चीड, वैताग, संताप, अपमान, धास्ती, खंत असे किती शब्द आहेत! मुलगा रात्री उशिरापर्यंत घरी आला नाही, फोनही लागला नाही, आणि दार उघडताच बाप कडाडला, तर घरातले सारे त्याला राग म्हणतात. बापही तेच म्हणतो. दोन लांब उच्छ्वासांनंतर तो नीट पाहील, तर तिथे धास्ती सापडेल. ‘कुठे उंडारत होतास?’ या वाक्याला मुलाकडे एकच उत्तर असते, आणि ते आवाज चढवून दिले जाते. ‘बाळा, मी फार घाबरलो होतो’ या वाक्यावर मुलगा खुर्ची ओढून बसण्याची शक्यता तरी असते.

मात्र नियमन म्हणजे गिळून टाकणे नव्हे. चेहरा निर्विकार ठेवून राग आत दाबला, तरी रक्तदाब चढलेलाच राहतो. तसेच, अन्याय होत असेल तर दीर्घ श्वास घेऊन तो सोसत राहावा, असाही याचा अर्थ नाही. शांत झालेले डोके तक्रार अधिक चांगली लिहिते. आणि झोप न लागणे, सततची उदासी, जीव नकोसा वाटणे अशी लक्षणे दिवसेंदिवस टिकली, तर श्वासाचा अभ्यास पुरेसा नसतो. तेथे उपचार हवेत. केंद्र शासनाने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो विनामूल्य असून दिवसरात्र चालतो, आणि तेथे अनेक भारतीय भाषांतून बोलता येते.