वरोरा ते भामरागड : अंतर आणि वेळ
(इयत्ता सातवी, गणित व भूगोल यांचा जोडपाठ)

उद्देश : दोन गावांमधील अंतर आणि तेथे पोचण्यास लागणारा वेळ या भिन्न गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांस स्वतःच्या मोजणीने उमगावे.

साहित्य : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांचा प्रमाण दिलेला नकाशा, मोजपट्टी, बारीक सुतळी.

प्रस्तावना : ही दोन्ही गावे १९८२ पर्यंत एकाच चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्ह्यात होती, त्या वर्षी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. वरोऱ्याजवळील आनंदवन मुलांस ठाऊक असतेच. तेथूनच १९७३ साली बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला. "आनंदवनाहून हेमलकसा किती दूर?" असा प्रश्न विचारून मुलांचे अंदाज फळ्यावर लिहून ठेवावेत.

प्रतिपादन : प्रथम मोजपट्टीने वरोरा ते भामरागड हे सरळ अंतर मोजवून घ्यावे. ते सुमारे १९० कि. मी. भरते. नंतर चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली या रस्त्यावरून सुतळी वळणावळणाने फिरवावी व ती ताणून मोजावी. हे अंतर २३० कि. मी.च्या आसपास येते. म्हणजे रस्ता सरळ रेषेहून जेमतेम एक पंचमांशाने लांब आहे.

आता वेळ काढावा. हेलिकॉप्टरचा वेग ताशी २०० कि. मी. मानल्यास १९० कि. मी.स ५७ मिनिटे लागतील. एस. टी.चा वेग थांबे धरून ताशी ४० कि. मी. मानल्यास २३० कि. मी.स पावणेसहा तास लागतील. अंतर पंचमांशाने वाढले, वेळ मात्र सहापट झाला. असे का व्हावे, याचे उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे. शिक्षकांनी घाई करू नये. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत या जिल्ह्यातील दुर्गम केंद्रांवर मतदान पथके हेलिकॉप्टरने का न्यावी लागली, हेही त्यांस येथेच समजेल.

उपयोजन : भामरागडाशी इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या नद्यांचा संगम आहे. पावसाळ्यात पर्लकोटेचा पूर पुलावर चढला की वाहतूक थांबते. "पुलावर पाणी असेल तर पावणेसहा तासांत पोचता येईल काय?" असे विचारावे. येथे भागाकार पुरा पडत नाही. अंतर तेच, गाडी तीच. पण वेळ सांगता येत नाही. पुराच्या पलीकडे सर्पदंश झालेला मनुष्य असेल, तर त्याच्यासाठी शहरातील इस्पितळ किती किलोमीटरवर आहे याला अर्थ उरत नाही. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी हेमलकशातच दवाखाना चालविला, त्याचे मोल या हिशेबावरून मुलांच्या ध्यानी येईल. रोग्याचा रस्ता कमी करता येत नसेल, तर उपचार त्याच्याजवळ न्यावा लागतो.

गृहपाठ : प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंतचे सरळ अंतर, रस्त्याचे अंतर, उन्हाळ्यातील वेळ व पावसाळ्यातील वेळ अशी चार घरे आखून भरावीत. पावसाळ्याच्या घरात "जाता येत नाही" असे कोणी लिहिल्यास ते चूक धरू नये. ते उत्तर वर्गात वाचून दाखवावे आणि त्या मुलाची वाट कोठे अडते, याची शाळेच्या वहीत नोंद करावी.