वाय-फाय चालत नाही, दोष कोणाचा? : ड्रायव्हर आणि लपवलेली माहिती



शाळेला मिळालेल्या जुन्या संगणकावर आपण लिनक्स टाकतो. पडदा उजळतो, कीबोर्ड चालतो, पण वाय-फाय काही दिसत नाही. मग 'फुकटचं ते असंच' म्हणून आपण मोकळे होतो. पण बऱ्याचदा दोष लिनक्सचा नसतोच.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते समजून घेऊ. वाय-फायची चिप असो वा ग्राफिक्स कार्ड, त्याच्या आत रजिस्टर नावाचे क्रमांक दिलेले कप्पे असतात. अमुक कप्प्यात अमुक आकडा ठेवला की पंख्याचा वेग बदलतो, तमुक ठेवला की चित्र पडद्यावर जातं. हे आकडे योग्य क्रमाने ठेवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. कोणत्या कप्प्यात काय ठेवायचं, याची पुस्तिका कंपनीकडे असते. लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहायला अनेक जण स्वतःहून पुढे येतात, तेही मोबदला न घेता. पण पुस्तिका मागितली की नकार मिळतो, नाहीतर गोपनीयतेच्या करारावर सही मागतात. मुक्त सॉफ्टवेअरचा कोड तर सगळ्यांना वाचायला खुला असतो. मग गुपित राखायचं कसं, सांगा बघू!

कंपन्या म्हणतात, प्रतिस्पर्धी नक्कल करतील. मला हे पूर्ण पटत नाही. प्रतिस्पर्धी कंपनीकडे चिप उघडून तपासायला प्रयोगशाळा असते. पुस्तिकेवाचून अडतो तो घरी बसून कोड लिहिणारा माणूस. हां, काही भाग दुसऱ्या कंपनीकडून परवान्यावर घेतलेला असतो, तिथे त्यांचीही अडचण खरी आहे.

ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपचं उदाहरण पाहा. माहिती मिळेना, तेव्हा लोकांनी दोन गट केले. एका गटाने कंपनीच्या ड्रायव्हरचा अभ्यास करून चिप कशी चालते याचं वर्णन लिहिलं. दुसऱ्या गटाने कंपनीचा कोड न पाहता फक्त त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. नकलेचा आरोप येऊ नये म्हणून ही खबरदारी. पुढे २०१० मध्ये ब्रॉडकॉमने नव्या चिपांसाठी स्वतःच मुक्त ड्रायव्हर दिला. एएमडीने तर २००७ मध्येच ग्राफिक्स कार्डांची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली होती.

एनव्हिडियाची गोष्ट जास्त लांबली. त्यांच्या कार्डांसाठी 'नूव्हो' हा ड्रायव्हर तयार झाला तो कंपनीचा ड्रायव्हर कोणत्या कप्प्यात काय लिहितो याची नोंद ठेवून, म्हणजे निव्वळ निरीक्षणातून. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी या कंपनीवर इतक्या कडक शब्दांत टीका केली की ते इथे लिहिता येणार नाहीत! तरी अडचण वाढलीच. २०१४ मधल्या ९०० मालिकेच्या कार्डांपासून, कंपनीची डिजिटल सही असलेलं फर्मवेअरच कार्ड स्वीकारू लागलं. ते नसल्यामुळे नूव्होला कार्डाचा वेग वाढवता येईना. कार्ड चालायचं, पण सुरू होतानाच्या मंद गतीनेच. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, तोही २०१८ नंतरच्या कार्डांपुरता. आपल्या शाळांत येतात ती बहुधा त्याआधीची.

पाचवी-सहावीच्या वर्गात हे खेळातून छान कळतं. एका मुलाला 'यंत्र' करा आणि त्याच्या कानात नियम सांगा: ३ म्हटलं की उजवीकडे वळ, ५ म्हटलं की टाळी वाजव, पण ५ नंतर लगेच ३ आले तर खाली बस. बाकीच्यांनी आकडे सांगत सांगत तक्ता भरायचा. पहिले दोन नियम पटकन सापडतात, तिसऱ्याला मुलं चांगलीच दमतात. मग तो तक्ता, खेळ न पाहिलेल्या दुसऱ्या गटाला द्या आणि यंत्राला खाली बसवायला सांगा.

शाळेसाठी वाय-फाय डोंगल घेताना दुकानदाराला डोंगलच्या नावासोबत आतल्या चिपचं नावही विचारा. त्याच नावाच्या नव्या आवृत्तीत कधी कधी चिप वेगळीच असते. जमलं तर आधी एखाद्या लिनक्स संगणकाला लावून पाहा आणि मगच बिल करा.