ग्रेसचं पत्र वर्गात वाचताना

आठवी-नववीचा वर्ग आणि सलग दोन तासिका हाताशी असल्या की अमेरिकेची १८६० ची अध्यक्षीय निवडणूक छान शिकवता येते. पाठ्यपुस्तक आज दप्तरातच राहू द्या.

साहित्य: ग्रेस बेडेल या मुलीने अब्राहम लिंकनना १५ ऑक्टोबर १८६० रोजी लिहिलेलं पत्र (मूळ प्रत डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे, छायाचित्र इंटरनेटवर मिळतं), लिंकननी १९ ऑक्टोबरला दिलेलं उत्तर, दोन्हींचा सोपा मराठी मजकूर, लिंकनचे दोन फोटो: एक निवडणुकीआधीचा, एक अध्यक्ष झाल्यावरचा.

१. चार-चार मुलांचे गट करा. गट मोठा झाला की दोघंच वाचतात.

२. ग्रेसच्या हस्ताक्षरातल्या पत्राची प्रत वाटा. मराठी मजकूर अजून झाकूनच ठेवा.

३. दोन मिनिटं नुसतं बघायला सांगा: अक्षर, तारीख, गावाचं नाव, खाडाखोड. स्पेलिंगच्या चुका सापडल्या की मुलं खूश होतात. त्या दुरुस्त मात्र करू देऊ नका.

४. लिहिणाऱ्याच्या वयाचे अंदाज फळ्यावर घ्या. बरोबर-चूक लगेच सांगू नका.

५. आता मराठी मजकूर देऊन एखाद्या मुलीला मोठ्याने वाचायला लावा. ग्रेस ११ वर्षांची आहे, हे तिच्याच ओळीतून कळेल.

६. विचारा, "ही लिंकनना मतं कुठून मिळवून देणार आहे?" चार भावांपैकी काही जण लिंकनलाच मत देणार; दाढी वाढवलीत तर उरलेल्यांनाही वळवते, असं ती लिहिते. बायकांना दाढी आवडते, त्या नवऱ्यांच्या मागे लागतील, असंही. इथे अजिबात घाई करू नका. थोडा वेळ गेला की कुणीतरी विचारतंच, "मग बायका स्वतःच मत का देत नाहीत?" उत्तर तुमच्या तोंडून येऊ देऊ नका. आपण पुरुष असतो तर तुम्हाला मत दिलं असतं, या अर्थाचं वाक्य पत्रातच आहे. मुलांना त्यावर बोट ठेवू द्या. सगळ्या तासाचं चीज इथे होतं.

७. लिंकनचं उत्तर वाटा. पत्रासोबतच दिलंत तर उत्सुकता संपली.

८. त्यात दाढीचं वचन शोधायला लावा. ते नाही! आजवर कधी ठेवली नाही, आता ठेवली तर लोकांना ते नाटकी वाटणार नाही का, एवढंच लिंकन विचारतात.

९. दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावा. "ग्रेसमुळेच!" असा गलका होईल. तिथेच थांबवा: फोटोत दाढी दिसते, दाढीचं कारण दिसत नाही.

१०. आता निकालाकडे वळा. फळ्यावर चारही उमेदवारांची इलेक्टोरल मतं लिहा: लिंकन १८०, ब्रेकिनरिज ७२, बेल ३९, डग्लस १२.

११. बहुमताचा आकडा मुलांना काढू द्या. एकूण ३०३, म्हणजे १५२ हवीत. ही मतं राज्याराज्यांतल्या प्रतिनिधींची आहेत. नागरिकांच्या मतांत लिंकनना ४० टक्केही मिळाली नव्हती, म्हणून दोन्ही आकडे एका रकान्यात लिहू नका.

१२. गृहपाठ द्या: निवडणुकीबद्दल एक विधान आणि त्याच्यापुढे पत्रातली आधाराची ओळ. ओळ नसेल तर वही प्रेमाने परत करा, पण गुण देऊ नका.