मुळांवरच्या गाठी

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला भोर आणि वेल्हे हे डोंगराळ तालुके आहेत. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड असे झाले आहे. येथे पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो, म्हणून भात हे येथील मुख्य पीक आहे. दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी होते. मग काही शेतकरी त्याच खाचरात, जमिनीत उरलेल्या ओलीवर, हरभरा, वाल किंवा मसूर पेरतात.

पाऊस संपलेला असतो. जमिनीतील बरेचसे अन्न भाताने घेतलेले असते. तरीही ही रोपे हिरवीगार दिसतात. हे कसे?

याचे उत्तर मुळांवर आहे. कडधान्याच्या मुळांवर लहान लहान गाठी असतात. त्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. हे जिवाणू इतके लहान असतात की ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. हॉलंडमधील शास्त्रज्ञ बायजेरिंक यांनी १८८८ साली ते गाठींतून वेगळे करून दाखवले.

हवेच्या १०० भागांत सुमारे ७८ भाग नत्र असते. पिकाला नत्र हवे असते, पण हवेतील नत्र त्याला थेट घेता येत नाही. जिवाणू ते पिकाला घेता येईल अशा रूपात बदलून देतात. त्याच्या बदल्यात रोप त्यांना साखर देते. व्यवहार चोख आहे!

येथे एक गंमत सांगतो. उर्दूत खत म्हणजे पत्र. मराठीत खत म्हणजे तुमच्या उर्दूतील खाद. 'शेतकऱ्याने शेतात खत टाकले' हे वाक्य वाचून टपालपेटी आठवू नका.

युरिया हे विकतचे खत आहे. जोराच्या पावसात त्यातील काही नत्र पाण्याबरोबर वाहून जाते. शेतकऱ्याचा पैसा वाया जातो आणि ओढ्याचे पाणीही बिघडते. गाठींतील नत्र मात्र थेट रोपाला मिळते.

पण प्रत्येक जमिनीत हे जिवाणू पुरेसे नसतात. शिवाय हरभऱ्याचे जिवाणू वालाला चालत नाहीत. म्हणून पाकिटावर पिकाचे नाव आणि मुदतीची तारीख वाचून जिवाणू खत घ्यावे लागते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही असे खत तयार होते. २५० ग्रॅमचे एक पाकीट १० ते १५ किलो बियाण्याला पुरते. गुळाच्या थंड पाण्यात ते कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळतात, बियाणे सावलीत सुकवतात आणि लगेच पेरतात. उन्हात ठेवले तर जिवाणू मरतात. बुरशीचे औषध लावायचे असेल तर ते आधी लावावे. जिवाणू खत सर्वांत शेवटी.

मात्र सगळे नत्र जमिनीत राहते असे समजू नका. त्याचा मोठा भाग दाण्यांबरोबर आपल्या घरी येतो, अगदी तुमच्या खिचड्यातसुद्धा! म्हणून पीक मुळासकट उपटण्यापेक्षा विळ्याने कापलेले बरे. मुळे जमिनीत कुजतात आणि पुढच्या भाताला थोडे नत्र मिळते. भाताची बाकीची गरज शेणखताने किंवा इतर खताने भागवावीच लागते.

शेतकऱ्याची परवानगी घेऊन फुलावर आलेले हरभऱ्याचे एक रोप मातीसकट खणून काढा. मुळे पाण्यात हळूच धुवा. एक गाठ नखाने कापा. आत गुलाबी रंग दिसला तर जिवाणू काम करीत आहेत; आपल्या रक्तातील लाल द्रव्यासारखेच एक द्रव्य तेथे असते. गाठ आतून पांढरी किंवा करडी असेल, तर तिच्यातून रोपाला नत्र मिळत नाही.